वसंतरावांची तेवीस वर्षे आणि आपली कोरडवाहू शेती

(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



कापूस खरेदीचा विषय सकाळी झाला. आता दुसरा विषय. आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी ठराव मांडला आहे की १ जुलैला सरकार कृषिदिन साजरा करते, त्यावर आपण बहिष्कार घालावा. त्यांचे म्हणणे आम्ही ऐकले. ज्या जिल्ह्यात पेरणीच्या तोंडावर कास्तकार गळफास लावून घेतो, त्या जिल्ह्यात पंचायत समितीच्या सभागृहात फेटे बांधून कसले सत्कार करता, असा त्यांचा सवाल आहे. सवाल खरा आहे. त्याला उत्तर देणारा अधिकारी आम्हाला अजून भेटलेला नाही.

दुपारी जेवणाच्या पंगतीत दुसरेच बोलणे कानावर आले. तिथे काही ज्येष्ठ मंडळी म्हणत होती, मोर्चे पुष्कळ झाले, आता आपला एखादा माणूस मंत्री झाला पाहिजे. कास्तकाराच्या पोटचा माणूस त्या खुर्चीत बसल्याशिवाय कास्तकाराचे दुःख सरकारला कळायचे नाही.

या दोन्ही बोलण्यांचा एकमेकांशी संबंध आहे. १ जुलै हा वसंतराव नाईकांचा जन्मदिवस. कास्तकाराच्या पोटचा, कापूस-ज्वारीच्या मुलखातला माणूस राज्याच्या सर्वात मोठ्या खुर्चीत बसला, तोही थोडाथोडका नव्हे, अकरा वर्षांहून जास्त काळ. हा प्रयोग आपल्याकडे होऊन गेलेला आहे. त्याचे फळ काय मिळाले ते आधी पाहू आणि मग ठरावाकडे वळू.

वसंतरावांचा जन्म १ जुलै १९१३ चा, पुसद तालुक्यातील गहुलीचा. बंजारा समाजाचे घराणे, आजोबांनी वसवलेला तांडा. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात पदवी घेतली, पुढे वकिलीची परीक्षा दिली आणि अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली वकिली सुरू केली. हे पंजाबराव पुढे देशाचे कृषिमंत्री झाले. गुरू कृषिमंत्री आणि शिष्यही पुढे कृषिमंत्री, असा हा वऱ्हाडी योग. १९४६ साली वसंतराव पुसदचे नगराध्यक्ष झाले. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत पुसदमधून आमदार झाले. तेव्हा आपला हा भाग मध्य प्रदेशात होता. पंडित रविशंकर शुक्लांच्या मंत्रिमंडळात त्यांना महसूल खात्याचे उपमंत्रिपद मिळाले.

ही १९५२ ची गोष्ट ध्यानात ठेवा. तेव्हापासून २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत हा माणूस सरकारात होता. राज्ये बदलली, म्हणजे मध्य प्रदेश गेला, द्वैभाषिक मुंबई आले, ते गेले आणि महाराष्ट्र आला. त्यांची खुर्ची सरकारातच राहिली. द्वैभाषिकात आधी सहकार, मग कृषी. महाराष्ट्र झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात महसूल. १९६२ साली यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले, वर्षभरातच त्यांचे निधन झाले आणि ५ डिसेंबर १९६३ ला वसंतराव मुख्यमंत्री झाले. त्यानंतर सव्वाअकरा वर्षे. त्यांच्यानंतर या राज्यात पाच वर्षांची मुदत पुरी करणारा मुख्यमंत्री २०१९ सालापर्यंत झाला नाही, यावरून ती मांड किती पक्की होती ते समजावे.

इतकी वर्षे टिकायला काय लागते? सभ्यपणा त्यांच्यापाशी होता, हे विरोधकही सांगत. शब्द जपून वापरायचे, कुणाला तोडायचे नाही, फाइल अडवायची नाही. मुंबईत त्यांनी शिवसेनेला इतके सांभाळून घेतले की लोक तिला ‘वसंतसेना’ म्हणू लागले. ते सगळे मुंबईचे राजकारण. समुद्र बुजवून जमीन करण्याचे वाद, नवी मुंबई, सिडको, हे सारे त्यांच्याच काळातले. त्यात आपल्याला आज शिरायचे नाही.

आपल्याला शिरायचे आहे ते शेतीत. त्यांनी शेतीसाठी केलेली कामे मोजताना कंजूषपणा करायचा नाही, एवढी विनंती आहे. चळवळीतल्या माणसाला सरकारचे काही चांगले बोलायची सवय नसते. आज थोडी करू.

आज आपण जिल्हा परिषदेवर मोर्चा नेतो. ती जिल्हा परिषद ज्या समितीच्या शिफारशींवरून झाली तिचे अध्यक्ष वसंतराव होते. दिल्लीच्या बलवंतराय मेहता समितीने पंचायत समितीवर भर दिला होता. नाईक समितीने सांगितले की खरी सत्ता जिल्ह्याला द्या आणि कलेक्टरला त्यातून बाहेर ठेवा. १९६१ साली कायदा झाला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आज त्यांच्या हातात फारसे उरले नाही ती गोष्ट वेगळी. पण गावच्या माणसाला जिल्ह्याच्या टेबलाशी बसण्याचा हक्क तिथून मिळाला.

मग ज्वारी. आम्ही कृषी विद्यापीठात शिकलो, त्यामुळे या विषयावर आमचे बोलणे लांबेल, सांभाळून घ्या.

साठीच्या दशकात अन्नाची टंचाई होती. अमेरिकेचा गहू, मिलो जहाजांतून येत होता आणि रेशनवर मिळत होता. सलग दोन वर्षे पाऊस दगा देऊन गेला, १९६५ आणि १९६६. पुण्याला शनिवारवाड्यासमोर वसंतराव म्हणाले होते की दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या. ही गोष्ट गावोगाव आजही सांगितली जाते. बोलणारे पुष्कळ असतात, पण या माणसापाशी एक वाण होते. १९६४ साली देशातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच १, प्रसारित झाली. वसंतरावांनी ती उचलून धरली. स्वतः बांधावर जात. बियाण्याचे प्लॉट कुठे लागले, खत कुठे पोचले, हे मुख्यमंत्री विचारतो म्हटल्यावर ग्रामसेवकापासून कलेक्टरपर्यंत सगळे चिखलात उतरले. असा मुख्यमंत्री पुन्हा झाला नाही, हे आम्ही या व्यासपीठावरून कबूल करतो.

म्हाताऱ्या माणसांना विचारा. गावठी ज्वारी उंच वाढायची, उशिरा पिकायची, एकरी तीन-चार क्विंटल झाली तर बैल जोडून बंडी सजवायची. हायब्रीड बुटकी, शंभर-एकशेदहा दिवसांत हाती येणारी, नत्राला झेलणारी. बरी जमीन आणि वेळेवर पाऊस असला तर दहा-बारा क्विंटल. ज्याच्या घरी आषाढात कणगी रिकामी व्हायची त्याच्या घरी वर्षाची भाकर आली. हे थोडे काम नाही.

पण त्या झाडाचे दोष आपल्या मुलखात लवकरच उघडे पडले. ते लवकर येते म्हणजे सप्टेंबरच्या पावसात सापडते. दाणा भरताना पाऊस लागला की बुरशी चढते, ज्वारी काळी पडते. पेरा आठ-दहा दिवस उशिरा झाला की खोडमाशी पोंगा मारते. म्हणून मृगाच्या पहिल्या पावसावर सगळ्या गावाने एकदम पेरणी करा असे सांगावे लागे. आता पहिला पाऊस दगा देणारा असेल तर बियाणे कुणाचे गेले? कास्तकाराचे. गावठी बी घरचे होते, हे दरसाल विकत घ्यायचे. आणि कडबा! बुटक्या ताटाचा कडबा बैलाला पुरत नाही. धान्य मोजणाऱ्या आकडेवारीत कडब्याचा रकाना नव्हता. आमच्या बायाबापड्यांनी ‘हायब्रीड’ हा शब्द बेचव वस्तूला आणि कमजोर पोरालाही लावायला सुरुवात केली, ते उगीच नाही. रब्बीत तर ही वाणे चाललीच नाहीत. तिथे मालदांडी होती आणि मालदांडीच राहिली.

हे दोष शास्त्राचे. ते पुढच्या वाणांनी कमी होत गेले, होत राहतील. आमची खरी तक्रार वाणाबद्दल नाहीच. ती वाणाच्या मागोमाग आलेल्या माणसाबद्दल आहे, म्हणजे लेव्ही वसूल करणाऱ्या तलाठ्याबद्दल.

ज्या वर्षांत सरकार सांगत होते पिकवा, त्याच वर्षांत ज्वारीवर लेव्ही होती. जिल्ह्याबाहेर ज्वारी न्यायला बंदी होती. जमिनीच्या प्रमाणात इतके पोते सरकारला द्यायचे, सरकारने ठरवलेल्या भावात. समजा बाजारात भाव शंभर आहे आणि लेव्हीचा भाव सत्तर. दहा क्विंटल लेव्ही दिली म्हणजे तीनशे रुपये कास्तकाराने सरकारला भरले. त्या भरण्याला कर असे नाव नव्हते, त्याची पावती नव्हती, त्याचा अर्थसंकल्पात उल्लेख नव्हता. ज्याला कमी पिकले त्याने बाजारातून महाग ज्वारी विकत घेऊन लेव्ही पुरी केली अशीही उदाहरणे घराघरांत सांगितली जातात. आणि बाजारात भाव शंभरच का? कारण नाकेबंदी. मुंबईला भाव चढा असला तरी आपल्या जिल्ह्यातला दाणा तिथे जाऊ शकत नाही. मग जिल्ह्यात भाव पडतो आणि त्या पडलेल्या भावाच्याही खाली लेव्ही.

वसंतरावांना हे कळत नव्हते? असे कोण म्हणेल! ते घरचे शेतकरी होते. त्यांच्या गहुलीतही ज्वारी-कापूसच पिकत होता. त्यांना पुरेपूर कळत होते. पण मुंबईच्या रेशनचा डबा रिकामा राहिला तर मोर्चा मंत्रालयावर दुसऱ्या दिवशी येतो. गहुलीच्या बाजूच्या गावात ज्वारीला भाव मिळाला नाही तर मोर्चा कुठून येणार? तेव्हा शेतमालाच्या भावासाठी उभी राहिलेली संघटनाच नव्हती. चाकणचा कांदा, निपाणीची तंबाखू, नाशिकचा ऊस ही आंदोलने १९८० च्या आगेमागे झाली. वसंतराव १८ ऑगस्ट १९७९ ला सिंगापूरला वारले. म्हणजे त्यांच्या सबंध कारकिर्दीत एका बाजूने शहराचा ओरडा होता आणि दुसऱ्या बाजूने आपली मुकी रांग होती. मंत्री ओरडा ऐकतो. आपला असला तरी तो ओरडाच ऐकतो.

पंगतीत बसलेल्या ज्येष्ठांनी या जागी थोडा विचार करावा.

आता १९७२. या सभेत बसलेल्यांपैकी ज्यांचे केस पांढरे आहेत त्यांना तो दुष्काळ सांगायला नको. १९७० पासून पाऊस कमी होत गेला आणि ७२ ला तर विहिरींनी तळ दाखवला. धान्य होते कुठे, पैसा होता कुठे? खडी फोडायला अख्खी गावे रस्त्यावर आली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळपास पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पन्नास लाख! सुकडी वाटली जात होती. जगातल्या कित्येक देशांत इतक्या मोठ्या दुष्काळात माणसे मुंग्यांसारखी मेली आहेत. इथे तशी मेली नाहीत. वसंतरावांचे सरकार तेव्हा जागे होते, फिरत होते, मजुराचा हप्ता वेळेवर पडतो की नाही ते पाहत होते. त्यातूनच वि. स. पागे यांच्या रोजगार हमीच्या कल्पनेला बळ मिळाले. पागे विधान परिषदेचे सभापती. त्यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला आधी लहान प्रमाणावर ते काम करून पाहिले होते. कायदा नंतर, १९७७ साली झाला. शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेऊन खेड्यातल्या मजुराला काम द्यायचे, ही त्यातली पैशाची व्यवस्था. शहराकडून खेड्याकडे पैसा वाहण्याची अशी उदाहरणे या देशात बोटावर मोजण्यासारखी आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

पण त्या रस्त्यावर खडी फोडायला कोण बसले होते? फक्त भूमिहीन नव्हते. दहा-पंधरा एकरांचे धनी, देशमुख-पाटलांच्या घरच्या सुना, हातात हातोडा घेऊन बसल्या होत्या. एक वर्ष पाऊस गेला आणि पंधरा एकरांचा मालक मजूर झाला. याचा अर्थ, मागच्या वीस वर्षांत त्याच्या घरात एका वर्षाचीही शिल्लक पडलेली नव्हती. हायब्रीड आली, उत्पन्न वाढले, मग ती वाढ गेली कुठे? आम्हाला विद्यापीठात हा प्रश्न कुणी शिकवला नाही. उत्पादन कसे वाढते याचे चार वर्षे शिक्षण, वाढल्यावर ते कुणाच्या घरात जाते याचा एकही तास नाही.

विद्यापीठांचा विषय निघाला म्हणून सांगतो. चारही कृषी विद्यापीठे वसंतरावांच्या कारकिर्दीतली. १९६८ ला राहुरी, १९६९ ला अकोला, १९७२ ला परभणी आणि दापोली. अकोल्याला विद्यापीठ व्हावे म्हणून वऱ्हाडाला रस्त्यावर उतरावे लागले, मुख्यमंत्री वऱ्हाडाचा असताना. हेही पंगतीतल्या मंडळींनी नोंदवून ठेवावे. परभणीच्या विद्यापीठाला २०१३ पासून त्यांचे नाव आहे.

जमिनीच्या कायद्याबद्दल दोनच वाक्ये. १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा झाला तेव्हा महसूल मंत्री तेच होते, पुढे त्यांच्याच राजवटीत मर्यादा आणखी खाली आणण्याची दुरुस्ती झाली आणि कोरडवाहूला ५४ एकर ठरले. कारखानदाराने किती गिरण्या काढाव्यात याला मर्यादा नाही, कास्तकाराने किती वखरावे याला मात्र आहे. हा विषय पुढच्या शिबिरात घेऊ.

आता कापूस, आणि इथे सगळ्यांनी कान द्यावेत, कारण याचे हिशेब आपल्या घरात अजून आहेत.

कापसाचा बाजार आपल्याकडे जुना आहे. कारंज्याला १८८६ साली इंग्रजांनी कापसाचा नियंत्रित बाजार काढला. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस वजनात फसवणूक न होता मिळावा, हा त्यांचा हेतू. तेव्हापासून कापसावर सरकारची नजर आहे आणि ती नजर गिरणीच्या बाजूने आहे. वसंतरावांच्या सरकारने १९७१ साली कायदा केला आणि १९७२ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. विचार असा होता की व्यापारी कास्तकाराला लुटतो, म्हणून त्याला मधून काढा. सरकारच एकटे खरेदी करील, हमी भाव देईल, गाठी विकून नफा झाला तर तोही कास्तकाराला वाटील. ऐकायला किती गोड! त्या वेळी पुष्कळ चांगल्या माणसांनी याचे स्वागत केले. आपल्यातल्या काहींच्या वडिलांनी पेढे वाटले असतील.

प्रत्यक्षात काय झाले? बंडी घेऊन केंद्रावर जा. दोन-दोन, तीन-तीन दिवस रांगेत थांबा, बैलांना तिथेच चारा टाका. ग्रेडर येणार, मूठभर कापूस हातात घेणार आणि म्हणणार, एक नंबर नाही, दोन नंबर. त्याच्यावर अपील कुठे? मग चुकारा. तो रोख नाही, हप्त्याने. आणि तुमच्या हातात पडायच्या आधी सोसायटीचे कर्ज त्यातून परस्पर कापलेले. भांडवल उभारणी निधीची कपात वेगळी. वरून भाव चढउतार निधी. नफ्याच्या वर्षी त्या निधीत पैसा जायचा, तोट्याच्या वर्षी तो तिथे आहे की नाही याचा हिशेब विचारायला जायचे तर मुंबईला. बाहेर आदिलाबादला, मध्य प्रदेशात, गुजरातेत भाव जास्त असला तरी कापूस सीमेपार न्यायचा नाही, नाक्यावर पोलीस. स्वतःच्या शेतातला कापूस स्वतःच्या बंडीत घालून नेणारा कास्तकार चोर ठरला. आणि ज्या वर्षी आपल्याकडचा भाव जास्त, त्या वर्षी बाहेरचा कापूस रातोरात आत यायचा, तो आणणारे कोण होते आणि नाक्यावर ते कसे सुटायचे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

व्यापाऱ्यांच्या जागी आणलेला हा एकच खरेदीदार. पूर्वी दहा अडत्ये होते, एकाशी पटले नाही तर दुसऱ्याकडे जाता येत होते. दहा लुटारूंच्या जागी एकच ठेवला तर लूट कमी होते असे मानणारे शहाणे तेव्हा मंत्रालयात होते. ही योजना हिंदकळत तीस वर्षे चालली. त्या काळात कापसाच्या भावासाठी आंदोलने झाली, १९८६ च्या डिसेंबरात सुरेगावला गोळीबार झाला आणि तीन शेतकरी पडले. वसंतराव तेव्हा हयात नव्हते. त्या गोळ्या त्यांच्या नावावर टाकणे अन्यायाचे होईल. पण कास्तकाराच्या घामाच्या मालाचा भाव मंत्रिमंडळाच्या बैठकीत ठरवायचा, हा रस्ता त्यांच्या सरकारने पाडला होता.

२००२ साली खाजगी खरेदीला मोकळीक मिळाली आणि ती मक्तेदारी संपली. त्याच वर्षी बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली. म्हणजे एकाच वर्षी बाजारही बदलला आणि बियाणेही. बियाण्यात आपला फायदा किती, तोटा किती, यावर आपल्यात मतभेद आहेत, ते असू द्या. भावाच्या बाबतीत मात्र जुनीच गोष्ट पुन्हा दिसते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले आणि ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. आपली पहिली वेचणी कधी? ऑक्टोबर-नोव्हेंबर. गिरण्यांनी आरडाओरडा केला, त्यांना माफी मिळाली. आपण केंद्रावर आर्द्रता मोजत बसलो. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, वर कपात, बारा टक्क्यांच्या वर परत घेऊन जा. दिवाळीच्या धुक्यात वेचलेला कापूस आठ टक्क्यांवर कसा आणायचा, ते यंत्र बनवणाऱ्यानेच सांगावे.

आणि ज्वारी? १९६०-६१ साली राज्यात साठ लाख हेक्टरांच्या वर ज्वारी होती. आज ती त्याहून पुष्कळच कमी उरली आहे. ज्या धान्याच्या नावाने फाशीची पैज लावली गेली त्याचे क्षेत्र असे आटले. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त, ज्वारीचा हमीभाव कागदावर, खरेदी केंद्र उघडले तर उघडले. कास्तकाराने सोयाबीन पेरले, त्यात त्याचे काय चुकले?

१९७५ च्या फेब्रुवारीत दिल्लीने महाराष्ट्रात बदल ठरवला. वसंतराव गेले, शंकरराव चव्हाण आले. बंड नाही, पक्षफोड नाही. सव्वाअकरा वर्षांचा मुख्यमंत्री एका निरोपावर खुर्ची सोडून घरी गेला. १९७७ ला काँग्रेसची देशभर धूळधाण झाली तेव्हाही वाशीममधून लोकसभेवर निवडून आला, म्हणजे लोकांचे प्रेम होते. पण खुर्ची लोकांच्या प्रेमावर उभी नव्हती, ती दिल्लीच्या मर्जीवर उभी होती. पुढे त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ मुख्यमंत्री होते. पाणी अडवा, पाणी जिरवा ही त्यांची मोहीम, आणि कोरडवाहूच्या दृष्टीने ती शहाणपणाची होती. पुसदची जागा बहुतेक काळ याच घराण्याकडे राहिली. म्हणजे कोरडवाहू मुलखातल्या एका घराने दोन मुख्यमंत्री दिले. तरी यवतमाळ जिल्ह्याचे नाव देशाला कशामुळे माहीत झाले, ते आम्ही इथे उच्चारत नाही.

तेव्हा ठरावाबद्दल आमचे मत असे. बहिष्कार घालू नये. त्या माणसाने हयातभर शेतीचा विचार केला, बांधावर फिरला, दुष्काळात माणसे जगवली. त्याच्या तसबिरीला हार घालायला आपल्याला लाज वाटण्याचे कारण नाही. शिवाय आपण गेलो नाही तर सभागृह मोकळेच राहील आणि सत्काराची भाषणे बिनहरकत पार पडतील. आपण जावे, हार घालावा आणि तिथेच लेखी तीन प्रश्न गटविकास अधिकाऱ्याच्या आणि कृषी अधिकाऱ्याच्या हातात द्यावेत, पोच घ्यावी.

पहिला, या तालुक्यात मागच्या हंगामात हमीभावाने ज्वारी किती क्विंटल खरेदी झाली आणि केंद्र कोणत्या तारखेला उघडले. दुसरा, कापूस खरेदी केंद्रावर किती गाड्या आर्द्रतेच्या नावाने परत पाठवल्या आणि त्याची नोंद कुठे आहे. तिसरा, तालुक्याच्या पीक उत्पादन खर्चाचा हिशेब कुणी काढतो का, काढत असेल तर त्यात बाईची मजुरी किती रुपयांनी धरली आहे. तिसरा प्रश्न महिला आघाडीने सुचवला आहे आणि आमच्या मते तिघांत तोच सर्वात अवघड आहे.

पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी ज्यांच्या घरी असेल त्यांनी पायलीभर सोबत आणावी. ती टेबलावर ठेवावी, फेकाफेक करू नये. मंत्री किंवा आमदार आले असतील तर त्यांनाही प्रश्नांची प्रत द्यावी, घोषणा त्यानंतर.

मंत्रिपदाची गोष्ट ज्यांनी काढली त्यांना एवढेच सांगतो की उद्या आपल्यातला कुणी तिकडे गेला तर त्यालाही हेच तीन प्रश्न लेखी द्यायचे आणि त्याचीही पोच घ्यायची. हे ज्याला मान्य आहे त्याने खुशाल उभे राहावे.

ठराव या दुरुस्तीसह मतास टाकावा अशी अध्यक्षांना विनंती आहे. तालुकाप्रमुखांनी १ जुलैला कोण कुठे जाणार त्यांची नावे संध्याकाळच्या आत कार्यालयात द्यावीत. प्रश्नांच्या छापील प्रती दाराशी ठेवल्या आहेत, प्रत्येक तालुक्याने पन्नास घेऊन जाव्यात.